मजुरांच्या पोरांसाठी पैसे द्यायचेत? मग दिवाळीच्या आधी द्या, आणि माणसावर खर्च करा

तुमचा प्रश्न वाचला, बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही मूळचे यावल तालुक्यातले, आता पुण्यात नोकरीला. आई गेल्यावर तिच्या नावाने दरवर्षी दोन-अडीच लाख बाजूला काढायचं ठरवलंय, अमेरिकेतला भाऊ पण भर घालणार आहे, आणि गावाकडे केळीच्या बागांत, वीटभट्ट्यांवर बाहेरून आलेल्या मजुरांची जी पोरं दिसतात त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय. दप्तरं-वह्या वाटू, का शाळेला खोली बांधून देऊ, का दहा पोरं शिक्षणासाठी दत्तक घेऊ, असं विचारलंय तुम्ही.

मी बरीच वर्षं नंदुरबारकडे आणि जळगावकडे, म्हणजे जिथून पोरं जातात तिथे आणि जिथे येतात तिथे, दोन्हीकडे याच पोरांच्या शाळेचं काम करतेय, म्हणून सरळच सांगते भाऊ. तिन्हीपैकी एकही नको, निदान पहिल्या वर्षी तरी नको. एका माणसाचा पगार द्या, आणि तो पैसा दिवाळीच्या आधी हातात पडेल असं बघा. का ते सांगते, जरा लांबेल पण वाचा.

आधी ही पोरं कोणती ते बघू, कारण आपण सगळ्यांना मजुरांची पोरं म्हणून एकाच पोत्यात भरतो. खान्देशातून बाहेर जाणारे वेगळे आणि खान्देशात येणारे वेगळे. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्री या पट्ट्यातनं भिल्ल, पावरा, मावची, कोकणी कुटुंबं गुजरातकडे जातात, कोणी बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला, कोणी सुरतला बांधकामावर, कोणी सौराष्ट्रात शेतीवर. चाळीसगावच्या तांड्यांवरनं कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात. आणि उलट बाजूने मध्य प्रदेशातल्या बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूरकडनं बारेला-भिलाला लोक रावेर, यावल, चोपड्याला केळीत, कापूस वेचणीला येतात. केळीतला मजूर बऱ्याचदा सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) म्हणून मळ्यातच राहतो, त्याचं साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं, म्हणजे पोराची शाळा बदलायची तर एप्रिल-मे मध्ये. ऊसतोडीवाला मात्र दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला निघतो आणि होळीच्या सुमाराला परत येतो. हंगाम लांबला तर एप्रिल उजाडतो, पण होळीला घरी पोचायची सातपुड्यातल्या माणसाची धडपड तुम्हाला माहितीच असेल, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला गर्दी कशी उसळते ते.

म्हणजे पोरांचं कॅलेंडर काय, तर एक दिवाळी ते होळी आणि दुसरं आखाजी ते आखाजी. शाळेचं कॅलेंडर जून ते एप्रिल. आणि देणगीदाराचं एप्रिल ते मार्च. ही तिन्ही कॅलेंडरं कुठेच जुळत नाहीत आणि सगळी गोम इथेच आहे. कंपन्यांचा सीएसआर चा, म्हणजे कायद्याने समाजकामावर खर्चायचा पैसा वर्ष संपत आलं की जानेवारी-फेब्रुवारीत धडाधड सुटतो, 31 मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणतात, मग घाईघाईत दप्तरं वाटली जातात आणि नेमकी ज्या पोरांसाठी वाटायची ती त्या दिवशी उसाच्या फडात असतात. दप्तर मिळतं ते गावात राहिलेल्या पोराला. त्यालाही मिळावं, माझं काही म्हणणं नाही, पण तुम्ही ज्याच्यासाठी पैसे काढले तो हा नव्हे.

आता खोली बांधायचं. खान्देशाला दान नवं नाही, अमळनेरला प्रतापशेठजींच्या देणगीवर कॉलेज उभं राहिलं, तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, आजही लोक नाव घेतात. तुमच्या मनात आईचं नाव कोरलेली एक पाटी असणार आणि त्यात चुकीचं काहीच नाही. पण हे बघा, खोली एका जागी असते आणि हे पोर वर्षात दोन-दोन ठिकाणी असतं. यावल-रावेरकडच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत खोल्या आहेत, मास्तर आहेत, पोषण आहाराची खिचडी पण शिजते, आणि तिथून दोन किलोमीटरवर केळीच्या मळ्यात आठ वर्षांचं पोर दिवसभर बसलेलं असतं कारण त्याच्या बापाला शाळेत जाऊन काय बोलायचं ते माहीत नाही आणि शाळेला ते पोर तिथे आहे हेच माहीत नाही. मधली ती दोन किलोमीटर कोणीतरी चालायला पाहिजे. तुमचे पैसे त्या चालण्याला द्या असं माझं म्हणणं आहे.

कायदा या पोरांच्या बाजूने आहे, हे देणगीदारांना बहुतेक वेळा माहीत नसतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे की पोर राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत गेलं तर जुन्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 4 प्रमाणे दहा वर्षांचं पोर कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. महाराष्ट्रात स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे ते दाखवून जाईल तिथल्या शाळेत बसता यावं, हंगामी वसतिगृहाची योजना आहे, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले तर पोराने गावातच आजी-आजोबांकडे राहायचं आणि जेवणाची, अभ्यासाची सोय शाळा व्यवस्थापन समितीने करायची. बीड-जालन्याकडे याचं नाव जास्त ऐकू येतं पण योजना राज्याची आहे. शिक्षकांमध्ये बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य पोरं शोधून शाळेत आणायचं, काम करणारे लोक आहेत, त्यातले काही तर इतके जीव ओतून करतात की रविवारी भट्ट्या पालथ्या घालतात.

सगळं आहे. पण हमी कार्ड हातात घेऊन धडगावचा बाप सुरतेकडच्या गुजराती शाळेत एकटा जाणार आहे का? मंजुरी उशिरा आली आणि वसतिगृह डिसेंबरात सुरू झालं तर तोवर पोर गाडीत बसून गेलेलं असतं. कायदा आणि पोर यांच्यामध्ये एक माणूस लागतो आणि त्या माणसाचा पगार सहसा सरकारी हेडमध्ये बसत नाही. देणगीचा पैसा इथे लागतो. सरकार जे करतं तेच छोट्या प्रमाणात परत करण्यात तुमचे दोन लाख घालवू नका, सरकारचे जे पैसे पोरापर्यंत पोचत नाहीयेत ते पोचवायला घाला, मग त्याच दोन लाखांत कितीतरी जास्त काम होतं.

हा माणूस म्हणजे कोण, तर त्याच समाजातली बारावी-बीए झालेली पोरगी किंवा पोरगा. पावरी किंवा बारेली बोलणारा. ही अट मी कधीच सोडत नाही. मळ्यातलं पोर घरी बारेली बोलतं, गावातली पोरं अहिराणी नाहीतर लेवा बोली बोलतात, मास्तर प्रमाण मराठीत शिकवतो, पुस्तक त्याच्याही पलीकडचं. सहा वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी तीन भाषा एकदम अंगावर येतात, ते गप्प बसतं, आणि मग मास्तर म्हणतो डोकं नाही. डोकं आहे हो, त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोललंच नाहीये अजून. पहिले तीन-चार महिने वर्गात एक ओळखीचा आवाज असला की पोर टिकतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. टॅब आणि स्मार्ट टीव्ही देणारे बरेच येतात, त्यांनाही मी हेच सांगते.

या माणसाने वर्षभर काय करायचं? ऑगस्ट-सप्टेंबरात गावोगाव आणि मळ्यांत फिरून यादी करायची, कोण जाणार, कुठे जाणार, मुकादम कोण, त्याचा मोबाईल नंबर काय. मुकादमाला शत्रू समजू नका, टोळी कुठे उतरणार हे त्यालाच माहीत असतं, आणि दोन-चार वेळा नीट बोललं की बरेच मुकादम मदत करतात. मग कागदं. आधार कार्डावर नाव एक, शाळेत दुसरं, जन्मतारीख सगळ्यांची 1 जून किंवा 1 जानेवारी. सातपुड्यात घरी बाळंत झालेल्या बाईच्या पोराची जन्मनोंद बऱ्याचदा नसतेच, आणि वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर तहसीलदार-प्रांताच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या पोरांना तर शाळा प्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरणार आहेत, त्यामुळे आज जी बाळं पाळण्यात आहेत त्यांचं आत्ताच करून ठेवलं पाहिजे, नाहीतर सहा वर्षांनी रांगच रांग लागेल. शाळेत प्रवेश कागदाशिवाय मिळायलाच पाहिजे हे खरं, पण स्कॉलरशिप, बँक खातं, पुढे नोकरी हे सगळं कागदावर चालतं.

जातीच्या दाखल्याचं एक सांगून ठेवते कारण तुमच्या यावल भागात हा प्रश्न फार आहे. मध्य प्रदेशातून आलेलं बारेला कुटुंब तिकडे अनुसूचित जमातीत आहे, पण राज्य ओलांडून आल्यावर इथल्या राज्याच्या सवलती त्यांना आपोआप मिळत नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा मागतात. म्हणजे मळ्यातच जन्मलेलं, इथेच दहावी झालेलं पोर अकरावीला गेलं की अडकतं, आश्रमशाळा-वसतिगृहाच्या दारात पण अडकतं. अशा पोरांची फी, राहणं, खाणं याला खरंच खासगी मदतीशिवाय मार्ग नसतो. थेट पैसे द्यायची इच्छा असेल तर इथे द्या, या पोरांना.

यावरून मोठ्या पोरांचं बोलू, कारण देणगीदाराला लहान पोराचा फोटो आवडतो आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोराकडे कोणी बघत नाही. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 पुरता आहे. चौदा संपले की पोराच्या हातात कोयता आणि पोरीचं लग्न. आणि ऊसतोडीत जोडीला उचल मिळते, एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात, म्हणून लवकर लग्न लावून द्यायचा दबाव थेट पैशाचा असतो, नुसत्या रूढीचा नाही. हे समजून न घेता बालविवाहावर भाषणं देऊन काही होत नाही. पोरगी आठवी झाली की नववीला तिची राहायची सोय झाली तर लग्न दोन-तीन वर्षं पुढे जातं, आईबापच पुढे ढकलतात, कारण पोरीला एकटं घरी ठेवायची भीती हेही लग्नाचं एक मोठं कारण असतं. यावल, तळोदा, नंदुरबार, धुळे इथे आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं आहेत, त्यांच्या वसतिगृहांचे फॉर्म वेळेत भरून देणं, पहिले दोन महिने प्रवेश होईपर्यंत पोरीला खोली घेऊन देणं, एवढ्याने सुद्धा एक पोरगी वाचते. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, त्याची फी मोठी नाही पण अभ्यास घ्यायला संध्याकाळी कोणीतरी पाहिजे. पोरांसाठी आयटीआय, ड्रायव्हिंगचं लायसन्स, सोलर पंप आणि ठिबकची दुरुस्ती, असलं काहीतरी जे आपल्याकडे खपतं. आपला सगळा भाग ठिबकवर चालतो, दुरुस्तीवाला मिळत नाही म्हणून शेतकरी बोंबलतात.

आणि अगदी लहान पोरं. हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. शाळेत का येत नाही म्हणून नऊ वर्षांच्या पोरीला विचारा, कडेवर भाऊ असतो. आई वेचणीला गेली, भावाला कोण बघणार. त्या पोरीला दप्तर द्या, सायकल द्या, ती येणार नाही, कारण भाऊ कडेवरच आहे. भट्टीजवळ किंवा मळ्यांच्या मध्ये एक पाळणाघर चालवा, दोन बायका पगारावर, सावली, पाणी, दुपारचं खाणं, की चार-पाच मोठ्या बहिणी आपोआप शाळेत. अंगणवाडीत बाहेरून आलेल्या बाळाचं नाव घालता येतं, पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतरिताची नोंद हलवायची सोय आहे, अंगणवाडी ताईला जाऊन सांगणारा पाहिजे एवढंच. पाळणाघर ही चैन नाही हो. 2020 च्या ऑक्टोबरात रावेर तालुक्यातल्या बोरखेडा शिवारात मळ्यातल्या घरात चार भावंडांचे खून झाले, आईबाप मध्य प्रदेशात गावी गेले होते, ते खरगोनकडनं आलेलं कुटुंब होतं. सगळ्या राज्यात गाजलं ते, मंत्री येऊन गेले. मळ्यात एकटी राहणारी पोरं आजही तशीच एकटी आहेत.

दत्तक घेण्याबद्दल. कायद्याने दत्तक आणि शिक्षणाचा खर्च उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी, तुम्ही दुसरं म्हणताय ते समजलं. तरी एकेक पोर वाटून घेऊ नका. तुम्ही दहा पोरं निवडली की अकराव्याचं काय, आणि त्या दहातली चार पुढच्या आखाजीला दुसऱ्या तालुक्यात गेली की तुमचं मन खट्टू होतं आणि पोराला पण वाटतं आपलं काही चुकलं. एक पालक नसलेली किंवा अनाथ पोरं असतील तर त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2250 रुपये मिळतात, तिचा अर्ज भरून पाठपुरावा करायला मदत करा, ते पैसे तुमचा उत्साह ओसरल्यावरही चालू राहतात. आणि कृपा करून पोरांचे फोटो, नावं, कुठल्या मळ्यात राहतात ते व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर टाकायला कोणत्याच संस्थेला सांगू नका. रिपोर्टसाठी आकडे पुरतात.

एक सावधगिरी. बाहेरून आलेलं पोर दिसलं की त्याला सोडवायला धावणारे लोक पण आहेत. 2023 च्या मे अखेरीला बिहारकडून मदरशात शिकायला निघालेली पन्नासच्या वर पोरं भुसावळ आणि मनमाडला गाडीतनं उतरवली, तस्करीचा गुन्हा दाखल झाला, पोरं बरेच दिवस बालगृहात राहिली, आणि पुढे तपासात तस्करी नव्हतीच असं निघून केस बंद झाली. खरी तस्करी होत नाही असं मी म्हणत नाही, शंका आली तर 1098 ला फोन करायलाच पाहिजे. पण परक्या पोराकडे आधी संशयाने बघायची सवय आपल्या देणगीतून वाढू नये. कुटुंब एकत्र राहून पोर शिकेल असंच काम निवडा.

आता पैसा कोणाला द्यायचा. तुमच्या रकमेत एका कार्यकर्त्याचं वर्षाचं मानधन आणि पेट्रोल आरामात बसतं, वर थोडे उरतात ते कागदपत्रांच्या खेपांसाठी ठेवायचे. स्वतः ट्रस्ट काढू नका, हिशेब-ऑडिटमध्येच जीव जाईल. आधीपासून तिथे पाय रोवून असलेली छोटी संस्था शोधा आणि तिला चकचकीत रिपोर्ट मागू नका, हे विचारा: जानेवारीत तुमचे लोक कुठे असतात? मागच्या दिवाळीला गेलेल्या पोरांची यादी दाखवता का? होळीनंतर त्यातली किती परत वर्गात बसली? ज्यांच्याकडे वहीत हाताने लिहिलेली यादी असेल आणि जे आपणहून सांगतील की अमुक इतकी पोरं आम्हाला सापडली नाहीत, त्यांना पैसे द्या. सगळी सापडली म्हणणाऱ्यांपासून जरा लांब राहा. आणि निदान तीन वर्षांचा शब्द द्या, एका वर्षाच्या पगारावर चांगली पोरगी नोकरी सोडून येत नाही.

कंपनीतून सीएसआर मिळवायचा विचार असेल तर तिथे तुम्हाला सांगतील की पगारावर खर्च चालत नाही. तसं नाहीये. 5 टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला, प्रकल्पावर काम करणाऱ्या माणसांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. आणि चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला तर पैसा सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत वापरता येतो, म्हणजे मार्चची घाई करायची गरजच नाही. संस्थेचा सीएसआर-1 नंबर, म्हणजे सीएसआर चा पैसा घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, मात्र असायला हवा.

तुमच्या स्वतःच्या देणगीला आयकरात 80जी ची सूट जुन्या कर पद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही, आणि 2000 च्या वर रोख दिले तर कशातच नाही, म्हणून बँकेतूनच द्या आणि वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं 10बीई सर्टिफिकेट मागून घ्या.

भावाचं नीट विचारून घ्या, त्याचा पासपोर्ट कुठला. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, संस्थेला पासपोर्टची कॉपी दिली की झालं. पण अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असलं तरी, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येतात आणि तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्यांच्या खात्यावर. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला देऊ पण शकत नाही. छोट्या संस्थांकडे ही नोंदणी सहसा नसते आणि त्यांनी चुकून असे पैसे घेतले तर गोत्यात ती संस्था येते, तुम्ही नाही. तसं असेल तर भावाने तिकडून पैसे पाठवायच्या ऐवजी दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर दोन-तीन अकरावी-बारावीच्या पोरांचं गणित घेतलं तरी चालेल, इंग्रजीची भीती घालवायला पण अशीच माणसं लागतात.

गणपतीला गावी येणार असाल तर दोन दिवस जास्त काढा. एक दिवस तुमच्या भागातल्या शाळांच्या केंद्रप्रमुखांना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, शाळाबाह्य पोरांच्या यादीत मळ्यातली किती नावं आहेत ते बघा. दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन संध्याकाळी मळ्यांवर जा, सकाळी जाऊ नका, सकाळी मोठं माणूस घरी सापडणार नाही. मळ्यात दिसलेल्या पोरांची यादी करा, ती आणि शाळेची अशा दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि मग मला लिहा, त्या भागात पावरी-बारेली बोलणारी, काम करायला तयार असलेली पोरं माझ्या ओळखीत आहेत.